जवळ्याच्या पिंपातल्या बंदुका

सियाक नदीकाठ, मार्च १९४७

प्रिय हसनुल,

परवा तुझ्या पलटणीला बंदुका मिळाल्या. बांबूचे भाले फेकून तुम्ही पोरं चौकात कशी नाचलात, ते बाजारातल्या बायकांनी मला साग्रसंगीत सांगितलं. ऐकताना माझेही पाय थिरकत होते.

वर्ष झालं, तू माझ्याशी बोलत नाहीस. ज्या डचांशी तुम्ही लढताय, त्यांच्याच परवान्यावर रबर घेऊन सिंगापूरला जाते, म्हणून तू मला भर बाजारात "देश विकणारी" म्हणालास. मी खाली मान घालून घरी आले. तोंड उघडायची सोय नव्हती रे.

त्या बंदुका माझ्या गलबतातून आल्या. एकूण बेचाळीस. जपानी सैन्याने मागे टाकलेल्या. आपल्या मळ्यातलं रबर देऊन सिंगापूरच्या एका चिनी म्हाताऱ्याकडून घेतल्या. दस्ते वेगळे, नळ्या वेगळ्या करून मेणकापडात गुंडाळल्या आणि आंबवलेल्या जवळ्याच्या पिंपांत पुरल्या. येताना भर समुद्रात डचांची गस्ती बोट आडवी आली. सुकाणूवरच्या दोलाहकाकांच्या ओठांवर नुसतं अल्लाचं नाव. गोरा साहेब पिंपांपाशी थांबला आणि त्याने शिपायाकडून संगीन मागितली. पिंपात ती खुपसली असती, तर लोखंडावर लोखंड वाजलं असतं, आणि आम्ही सगळे तिथेच माशांच्या पोटात. मीच पुढे होऊन झाकण काढलं. म्हटलं, "संगीन कशाला साहेब, कोपरापर्यंत हातच घाला की! फक्त महिनाभर बायको जवळ येऊ देणार नाही, तेवढं बघा." हे साहेबाला सांगता सांगता त्याच्या दुभाष्याला हसू आवरेना. साहेबाला तो भपकारा लागला मात्र, नाकाला रुमाल लावून ओरडला, "चालते व्हा ती घाण घेऊन!" किनारा लागेपर्यंत दोलाहकाका हसत होते आणि डोळे पुसत होते.

हे आजवर कुणालाच सांगायचं नव्हतं, पोटच्या पोरालाही नाही. काल तुमच्या मेजरसाहेबांनी मला त्या शपथेतून मोकळं केलं. आता मशीनगन आणायच्या आहेत, आणि त्या तिथेच पारखून घेणारा जाणकार हवाय. "कोण देऊ तुम्हाला?" त्यांनी विचारलं. जपान्यांच्या हाताखाली तू त्या चालवायला शिकलास, म्हणून मी तुझं नाव सांगितलं. म्हणून हे पत्र. माफीबिफी मागत बसू नकोस, भरतीचं पाणी कुणासाठी थांबत नाही. शुक्रवारी नमाज झाला की घाटावर ये. पलटणीत तू कुणीही असशील, गलबतावर हुकूम माझा चालतो. आणि हे वाचून जाळून टाक.

तुझीच,
ताठ मानेची आई