एका झऱ्यावरचे दोघे

सोमवार, ४. सकाळी ६.१०
वाचनालयाचं पत्र आलं. रविवारी भाषण, दहा मिनिटं, एका शब्दाचा प्रवास. तीस वर्षं लोकांची प्रूफं तपासली, आता लोक माझं ऐकतील. मुलगी खास येणार आहे, बाबांना माइकसमोर बघायला. शब्द ठरला: रायव्हल. मूळ लॅटिन. आज मसुदा पूर्ण करणार.

संध्याकाळी
मसुदा झाला नाही. शीर्षक झालं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनाही बोलावलंय म्हणे. हाच माणूस पहाटे पाच बादल्या भरतो आणि आमच्या नळाला नुसती हवा येते.

मंगळवार, ५
रायव्हल म्हणजे मुळात एकाच झऱ्याचं पाणी वापरणारे शेजारी. शेजारी म्हटल्यावर भांडणं आलीच. पुढे रोमन लोक एकाच बाईवर जीव टाकणाऱ्या दोघांना तेच म्हणू लागले. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी नळाचं बघा.
पहिलं वाक्य लिहिलं. स्वल्पविराम काढला.

बुधवार, ६
स्वल्पविराम परत घातला. मास्तर भाषण घेऊन खाली आले, जरा नजर टाका म्हणाले. शब्द 'डॉक्टर', मूळ अर्थ शिकवणारा. स्वतःच्या धंद्याची जाहिरात. ठेवून घेतलं. शत्रूची तयारी कळलेली बरी.

गुरुवार, ७
चार पानांत एकसष्ट चुका. राहवेना.

शनिवार, ९
त्यांचा शेवट फारच पडेल होता. नवा लिहून दिला, पाऊण पान. हात मोकळा झाला, आता माझं भाषण झरझर उतरेल. बायको म्हणाली, लोकांचं निस्तरण्यात जन्म गेला तुमचा. तिला लिहिण्यातलं कळत नाही. फॉर्म उद्यापर्यंत टिकवायचा म्हणून लवकर झोपतो.

रविवार, १०
मास्तरांच्या शेवटाला टाळ्या थांबेनात. मग मी. वाक्य वाचलं. स्वल्पविराम योग्य जागी होता. पान उलटलं, मागे कोरं. धन्यवाद म्हणून बसलो. एकूण चाळीस सेकंद. आटोपशीर झालं.
येताना मुलगी म्हणाली, बाबा, मास्तरांचा शेवट तुम्ही लिहिलात ना? मी नाही म्हणालो. तिने माझा हात धरला, घर येईपर्यंत सोडला नाही. मला फार वाईट वाटलं.

सोमवार, ११. सकाळी ६.१०
नळाला धो धो पाणी. मास्तर बायकोला म्हणाले, आजपासून आम्ही दोनच बादल्या भरू.
पुढच्या वर्षी वीस मिनिटं मागणार होतो. बादली भरून वाहतेय. उठून नळ बंद करायला हवा.