अंगणातच अडलेल्या चाकांविषयी

मी, खाली सही करणारा, जन्मभर ट्रक चालवून पोट भरलेला माणूस, आज राजीखुशीने, कुणाच्या धाकात किंवा नशेत नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती धड आहे आणि नजर अजून तरण्या पोरांना लाजवेल अशी आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय ते फक्त घाईत लिहितोय म्हणून. सकाळी जे झालं त्याने मी पुरता हादरलोय.

कलम पहिले. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातली भांडीकुंडी माझ्या पश्चात माझ्या पत्नीची. त्यावर कुणी हक्क सांगू नये. धाकट्या भावाने तर मुळीच नाही. त्याने नेलेला माझा जॅक अजून आणून दिलेला नाही. तो परत मागावा.

कलम दुसरे. ट्रक माझ्या मुलीला. ती दुधाची गाडी चालवते, हात चांगला बसलाय. मात्र ट्रक तिला मी गेल्यावरच मिळेल. तोवर किल्ली माझ्या खिशात.

कलम तिसरे. पुढच्या चाकांच्या नव्या रिम ताबडतोब काढून भंगारात घालाव्यात. काल मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो असताना हिने, म्हणजे माझ्या पत्नीने, टायरवाल्याला बोलावून जुन्या उतरवल्या आणि या चकचकीत बसवून घेतल्या. म्हणे, मला भेट! चकाकीला भुलली बिचारी. अहो, रिम घेताना नुसता घेर आणि बोल्टची भोकं जुळून भागत नाही, ऑफसेट बघावा लागतो. रिमच्या रुंदीची बरोबर मधली रेघ धरा. आसाच्या टोकावरच्या हबला चिकटणारी तबकडी त्या रेघेपासून किती बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. तबकडी बाहेरच्या अंगाला असली की चाक गाडीच्या पोटात शिरतं, आतल्या अंगाला असली की चाक बाहेर डोकावतं. आज सकाळी मी फाटकाकडे वळायला स्टिअरिंग फिरवलं आणि खर्रर्र! टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्यांना जाऊन भिडला. गाडी अंगणातच पाण्याच्या टाकीसमोर अडकून बसली. हेच भर रस्त्यात झालं असतं तर?

कलम चौथे. हा माल गळ्यात मारणाऱ्या टायरवाल्याने, इतक्या वर्षांची ओळख असली तरी, माझ्या घराची पायरी पुन्हा चढू नये. मी मेलो तरी येऊ नये.

इथे लिहिणं थांबवावं लागलं. ही चहा घेऊन आली आणि खांद्यावरून वाचत उभी राहिली. मृत्युपत्रात खोटं नको, म्हणून पुढचं जसं झालं तसं लिहितो.

"चौथं कलम खोडा," ही म्हणाली. "तो बिचारा नकोच म्हणत होता. मीच सांगितलं, चाक आत जाईल अशीच रिम दे."

"अगं, वेड लागलंय का तुला? ऑफसेट म्हणजे काय, कळतं तरी का?"

"चाळीस वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय मी?" तिने कप टेबलावर ठेवला. "बाहेर डोकावणारी चाकं घेतली असती तर तुम्ही तशीच दामटली असती, आणि बेअरिंग रस्त्यात गेलं असतं. आत शिरणारी घेतली. आता सरळ जाईल, वळणार नाही. न वळता फाटक गाठता येत नाही आपल्याकडे."

माझीच गाडी, आणि माझ्याच शिकवणीने अडवली! "पण का?"

ती समोर बसली. "परवा तुम्ही गाडी मागे घेत होतात. मी मागे कपडे वाळत घालत होते. हाका मारल्या, हात हलवले. तुम्ही आरशात बघितलंत, अगदी माझ्याकडे बघितलंत अहो, आणि तरी येतच राहिलात. बादली टाकून पळाले मी."

मी कागद बाजूला सारला.

"आणि काल डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं ना? मला फोन आला होता त्यांचा. तुम्ही घरी येऊन काय म्हणालात? नुसता चष्म्याचा नंबर वाढलाय."

ती चेपलेली बादली अजून न्हाणीच्या दाराशी आहे. वाटेत ठेवली म्हणून मी हिलाच ओरडलो होतो. आरशात मला फक्त मोकळं अंगण दिसलं होतं. देवाशपथ सांगतो, मोकळं अंगण.

सबब वरील मजकुरात दुरुस्ती करतो. कलम चौथे रद्द. जुन्या रिम हिने पलंगाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात, त्या मुलीने परत बसवून घ्याव्यात. कलम दुसऱ्यातले "मी गेल्यावरच" हे शब्द खोडले आहेत. मुलीला बोलावून किल्ली तिच्या हातात दिली. ती घेईना, मग हिने घ्यायला लावली. पहिल्या परिच्छेदातलं माझ्या नजरेबद्दलचं विधान मी मागे घेतो. बुद्धीबद्दलचं ठेवावं की नाही, ते हिला विचारावं.

साक्षीदार पहिला: टायरवाला. पायरी चढून आत आला, चहा प्यायला, सही केली.

साक्षीदार दुसरा: शेजारचा शिंपी.

लिहून देणार: सही.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर.

दिनांक: सतरा. भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा आकडा हिने वाचून सांगितला.