कुत्रं आडवं आलं

६ जानेवारी, सोमवार. लातूर

पुढच्या डाव्या चाकात हवा कमी! विष्णुपुरीच्या पुढच्या पंपावर भरून घेतली, त्यात निघायला उशीर. रविकांत म्हणतात, तुझ्याइतकं गाडी जपणारं माणूस पाहिलं नाही. हे नवऱ्याचं कौतुक की टोमणा, ते इतक्या वर्षांत ठरलेलं नाही. पण विम्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि स्वतःची गाडी कशीही हाकायची, हे मला जमणार नाही. ब्रेक ऑइल, वायपर, पट्टा – सगळं जिथल्या तिथं लागतं.

लातूरला बदली झाल्यापासून हेच. सोमवारी पहाटे नांदेड सोडायचं, शनिवारी परत. तिथं घर, इथं खोली. दोन्हीकडे भांडी, दोन्हीकडे धुणं. लेकीची, विशाखाची, बारावी. तिचा आठवड्याचा खाऊ आदल्या दिवशी करून ठेवला, झोप झाली नाहीच.

दिवाळीपासून आईही सोबत असते. इथला गुडघ्याचा वैद्य तिला मानवलाय. पण रस्ताभर गोष्टी! लोह्याला सुरू करते ते चाकूर आलं तरी संपत नाही. आणि मी हूं म्हटलंच पाहिजे. जरा चुकलं की दंडावर चापट. "हूं म्हण की गं. कुणाला सांगून राहिले मी?"

हदगावच्या बाजाराला रात्री कापसाची गाडी निघायची, तेव्हा बाबा कासरा धरायचे आणि ही शेजारी बसून गोष्ट सांगायची. हाकणाऱ्यानं हूं द्यायचा, ही रीत. म्हटलं, आई, ही बैलगाडी नाही.

"बैल तरी रस्ता वळखत व्हते," म्हणाली.

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज टेबलावर शिरूर अनंतपाळची एक जीप. मालक दुसरा, चालवणारा दयानंद म्हणून. बाभळीवर गेली. कारण – कुत्रं आडवं आलं.

पुन्हा कुत्रं! या जिल्ह्यातल्या कुत्र्यांना दुसरं कामच नसावं. दर दुसऱ्या क्लेममध्ये एक तरी असतं. फोटो नीट पाहिले. रस्त्यावर ब्रेकची खूण नाही. गाडी सरळ रेषेत, शांतपणे झाडाकडे गेलेली. कुत्रं दिसलेला माणूस असा जात नाही. हा झोपला होता.

वाईट याचं वाटतं की खोटं बोलायची गरजच नव्हती. लायसन्स चालू आहे, पॉलिसी चालू आहे, दारू नाही. नुसता डोळा लागला म्हणून क्लेम नाकारत नाहीत. मग कशाला? उद्या बोलावलंय.

९ जानेवारी, गुरुवार

दयानंद आला. कपाळाला टाके. खुर्चीच्या कडेवर बसला. मी सगळं समजावून सांगितलं – खरं लिहिलंत तरी मालकाचं नुकसान भरून मिळेल, खोटं उघडं पडलं तर मात्र अडचण आहे. त्यानं वर पंख्याकडे पाहिलं.

"मॅडम, भरपाई तुमी द्याल. पण डायवर झोपला म्हणलं की मालक चावी देईल का?"

मग हळूच म्हणाला, "बायकू बी शेजारी बसायची न्हाई."

शेवटी त्यानं जबाब बदलून लिहिला. 'डोळा लागला.' सही केली. नियमाप्रमाणे योग्य तेच झालं. तरी जेवण गेलं नाही. का? मी त्याला खोटं लिहायला थोडंच सांगितलं!

११ जानेवारी, शनिवार. नांदेड

चाकूर कधी गेलं? शिरूर ताजबंदची पाटी दिसली तेव्हा लक्षात आलं. आईची चापट जरा जोरातच बसली आज. दंड दुखतोय.

१५ जानेवारी, बुधवार. लातूर

गाडीची पॉलिसी संपायला अजून अवकाश आहे, पण आजच नूतनीकरण करून टाकलं. लोक शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात, मग विसरतात, आणि नेमकं त्याच फटीत काहीतरी होतं. पीयूसीही करून घेतली. चंद्रप्पा साहेब – शेजारच्या टेबलावरचे – म्हणाले, मॅडम, तुमची गाडी बघून आरटीओवाले उठून नमस्कार करतील. हसले मी. हसायलाही थकल्यासारखं होतं हल्ली.

२० जानेवारी, सोमवार. लातूर

रविवारी पाहुणे. मागचं आवरेपर्यंत लईच उशीर झाला. पहाटे गाडीत बसतानाच आईला सांगितलं, आज गोष्ट नको, डोकं ठणकतंय. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. गप्प बसली. लोहा गेलं, माळाकोळी गेली, एक शब्द नाही. बरं वाटलं.

अहमदपूर सोडल्यावर कुत्रं आडवं आलं. गाडी रस्ता सोडून हरभऱ्यात गेली. दोघींचे पट्टे लावलेले होते, कुणाला काही लागलं नाही. बंपर गेला, डावा दिवा गेला, चाक वाकडं झालं. शेतकरी धावत आला. हरभऱ्याचं काही बोलला नाही बिचारा, आईला पाणी दिलं.

आई खाली उतरली. गाडीला एक चक्कर मारली. मग रस्त्यावर जाऊन उभी राहिली, मागं-पुढं बघत.

रविकांतना फोन केला. कुत्रं आलं म्हटलं. ते म्हणाले, गाडी जाऊ दे, तुम्ही दोघी नीट आहात ना? आणि कुत्रं?

वाचलं, म्हटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

गाडी गॅरेजला. क्लेम टाकला. स्वतःचाच, आणि बघणार चंद्रप्पा साहेब. "मॅडम, तुमचं पण कुत्रं?" म्हणून हसत होते. मग गमतीनं विचारलं, रंग कोणता होता?

तांबडा, म्हटलं मी. विचारसुद्धा करावा लागला नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

दयानंद मालकाचा एक कागद द्यायला आला होता. जीप दुरुस्त होऊन आली, पण तिच्यावर आता दुसरा आहे. हा आडत बाजारात पोती उचलतो. हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

माझी गाडी त्यानं गॅरेजात पाहिली होती.

"लागलं न्हाई ना मॅडम? काय झालं व्हतं?"

चंद्रप्पा साहेब शेजारीच बसले होते. "कुत्रं आलं," म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नंतर मान हलवली. "हाव. कुत्री लई झाल्यात."

त्याच्या आवाजात टोमणा शोधला मी. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी आईला सांगितलं – यापुढं तू नांदेडलाच राहा. माझ्यापायी तुझं काही बरंवाईट झालं तर? गुडघ्याचं तिथंच कुणाला तरी दाखवू.

ती मेथी निवडत होती. मान वर केली नाही.

"गुडघा कवाच बरा हाय."

मला कळेना. मग येतेस कशाला दर सोमवारी? इथल्या खोलीत दिवसभर एकटी बसतेस, शेजारणींशी तुझं जमत नाही, नळाला पाणी नाही म्हणून कुरकुरतेस!

"दिवाळीला आले तुझ्यासंगं, तवा दोन बारी तुझी मान खाली गेली. मी खोकले. तू म्हणलीस, आई, दवा घे." काडी बाजूला टाकली. "रविकांतला सांगितलं असतं तर त्यानं चावी काढून घेतली असती. तुला चाललं असतं का ते?"

नसतं चाललं. भांडले असते मी. चावी, नोकरी, बदली, सगळं काढून भांडले असते.

"म्हणून गोष्ट," ती म्हणाली. "हूं आला की कळतं, जागी हाय. सोमवारी तू गप बस म्हणलीस, मी गप बसले. बसाया नव्हतं पायजे."

स्वतःलाच बोल लावून ती मेथीची जुडी घेऊन उठली. कुत्र्याबद्दल एक शब्द काढला नाही. रस्त्यावर उभी राहून तिनं काय पाहिलं, ते तिला ठाऊक आणि मला ठाऊक.

दर आठवड्याला हवा तपासली. ऑइल तपासलं. आणि या वहीतही सोमवारी मी तेच वाक्य लिहिलं. इथं कोण वाचणार होतं?

२६ जानेवारी, रविवार. नांदेड

झेंडावंदनाहून आल्यावर रविकांतना खरं काय ते सांगितलं. चहा ओतत होते, ओतत राहिले. मग चप्पल घालून बाहेर गेले. मला वाटलं, राग आला.

बसची वेळ विचारून आले.

२७ जानेवारी, सोमवार. लातूर

चंद्रप्पा साहेबांना नवा जबाब लिहून दिला. कुत्रं नव्हतं.

सकाळी बसनं आलो. खिडकीशी आई. लोह्याला तिनं गोष्ट काढली, मी पहिला हूं दिला असेल, पुढचं आठवत नाही. चाकूरला जाग आली. गोष्ट चालूच होती, आणि मागच्या सीटवरची कोण कुठली बाई हूं म्हणत होती.