तिसरं वर्तुळ

३ मार्च, सोमवार

पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात जागा एक, उमेदवार दोन. एक माझा विषय – संगणकाला मुळात काय जमतं आणि काय कधीच जमणार नाही, ते कागदावर शिकवणारा. दुसरा ‘नोकरीसज्ज कौशल्ये’. तो शिकवायला कंपनीचा माणूस यायचाय.

विभागप्रमुख बाई म्हणाल्या, “सर, राग मानू नका. पण तुमचा विषय शिकून मुलं करतात काय?”

“विचार.”

“तो मुलाखतीत दाखवता येत नाही हो.”

शेवटी ठरलं – दोन चाचण्या. एक माझी, एक कंपनीची. ज्याचं मुलांना खरंच येतंय, तो विषय राहील. बावीस वर्षं शिकवतोय, आता शर्यतीत उभं केलं.

४ मार्च

कंपनीचा प्रशिक्षक आला. टाय इतका आवळलेला की शब्द गाळूनच बाहेर पडतात. “सहा आठवड्यांत पोरं तयार करून देतो, सर.” जणू विटा भाजायच्यात. तूर्त चाचणीपुरते तीन दिवस वर्ग घेणार. त्याच्या पुस्तिकेवर मोठ्या अक्षरांत ‘उद्याचं कौशल्य’. खाली बारीक अक्षरांत – गेल्या वर्षीची आवृत्ती.

५ मार्च

बायकोला सगळं सांगितलं. ती दवाखान्यात परिचारिका. भाजी चिरता चिरता म्हणाली, “अहो, सुई टोचायला हात लागतो आणि कुठे टोचायची ते कळायला डोकं. यात भांडण कसलं?” मग म्हणाली, “तुमच्या त्या कागदावरच्या यंत्राला वीज लागत नाही, एवढा फायदा मात्र आहे.”

७ मार्च, शुक्रवार

माझी चाचणी झाली. प्रश्न नेहमीचाच – शून्य आणि एक यांची एक ओळ दिली आहे; तिच्यात एक हा आकडा सम वेळा आला असेल तर ‘हो’ म्हणणारं यंत्र काढा. म्हणजे वर्तुळं आणि बाण – एकेक आकडा वाचत बाणानं पुढं सरकायचं, ओळ संपेल त्या वर्तुळात लिहिलेलं ‘हो’ किंवा ‘नाही’ हे उत्तर. मी दरवर्षी फळ्यावर तीन वर्तुळं काढून देतो.

अठ्ठावन्नपैकी सत्तावन्न जणांनी तीन वर्तुळं काढली. बाणाचं वळणसुद्धा माझंच! ऊर भरून आला, खोटं कशाला लिहू. एकाच मुलीनं दोन वर्तुळांत काम उरकलंय. आळस. तिचा कागद वर्गाला दाखवला – “घाई करणाऱ्याचं यंत्र असं अर्धवट राहतं.” सगळे हसले. तीही हसली, जराशी उशिरा.

८ मार्च

टायसाहेबांची चाचणी. वापरणाऱ्याचं नाव घेऊन स्वागत करणारं पान बनवायचं होतं. अठ्ठावन्न पडदे लागले आणि अठ्ठावन्न पडद्यांनी टायसाहेबांचंच नाव घेऊन त्यांचं स्वागत केलं. शिकवताना त्यांनी स्वतःचं नाव टाकलं होतं, पोरांनी तेही उतरवलं. “नाव तेवढं बदलायचं होतं रे,” ते म्हणत होते. मागून एक जण, “सर, ते तुम्ही सांगितलं नव्हतं.”

घरी येईपर्यंत हसत होतो. देवापुढे हात जोडतानाही हसू आलं. क्षमा मागितली.

१० मार्च, सोमवार

समितीनं निर्णय दिला. माझा विषय राहणार. बाई म्हणाल्या, “सत्तावन्न बरोबर, म्हणजे पाया पक्का आहे.” टायसाहेबांनी हात मिळवला, “मानलं, सर.” मी नम्रपणे मान हलवली. नम्रपणा किती छान जमतो जिंकल्यावर.

११ मार्च

ती दोन वर्तुळांची मुलगी खोलीत आली. दारातच उभी.

“सर, ओळीत एकही एक नसेल तर?”

“तर काय?”

“तर एक शून्य वेळा आला. शून्य सम ना? पण तुमचं यंत्र ‘नाही’ म्हणतं.”

कागद पुढे ओढला. पहिल्या वर्तुळावर बोट ठेवलं. नुसती शून्यं दिली की यंत्र तिथेच बसून राहतं, आणि तिथे ‘नाही’ आहे. मुलीची दोन वर्तुळं तपासली. काही दिलं तरी चुकत नाहीत.

“मग तिसरं कशाला, सर?”

“बघतो,” म्हटलं. ती गेली.

गावच्या शाळेत मास्तरांनी खडे जोडीजोडीनं मांडून शिकवलं होतं – एकटा खडा उरला नाही की सम. खडेच नसतील तर उरणार कोण? सातव्या वर्षी मला हे कळत होतं. पुढे कधीतरी कुणाच्या तरी वहीतून तीन वर्तुळं उतरवून घेतली आणि तीच बावीस वर्षं वाटली. टायसाहेबांनी निदान स्वतःचं नाव तरी बरोबर लिहिलं होतं.

१२ मार्च

रोज सकाळी देवापुढे म्हणतो, माझ्याकडून खरं वदवून घे. आज तेवढं वाक्य गिळलं.

१३ मार्च, गुरुवार

बाईंना लिहून दिलं – सत्तावन्न चूक, एक बरोबर, चूक माझी. त्यांनी दोनदा वाचलं. “विषय जाईल, सर.” म्हटलं, जाऊ दे. पुढच्या वर्षापासून माझा विषय नाही. यंदाची परीक्षा तेवढी होईल.

मग वर्गात गेलो. त्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. फळ्यावर तीन वर्तुळं काढली, का चुकली ते सांगितलं, पहिल्यात ‘हो’ लिहिलं, बाण तिकडे वळवला आणि तिसरं पुसलं. सत्तावन्न खोडरबर एकदम चालले. मागून आवाज आला, “सर, पण परीक्षेत कोणतं काढायचं?”