बत्तिसावा चिमटा

रविवार, ४ फेब्रुवारी

आले एकदाची. कॉलेजच्या वसतिगृहाच्या मागच्या अंगाला मला दोन खोल्यांचं बैठं घर मिळालंय. पुढं व्हरांडा, समोर गवत, गवताच्या मधोमध कपडे वाळवायची ती खांबावर फिरणारी तारांची छत्री. इकडं प्रत्येक परसात असते तशीच, फक्त ही चांगली दांडगी. आल्या आल्या चादरी धुतल्या, तासाभरात कडकडीत वाळल्या. वसतिगृहाचे प्रमुख ह्यू पेटिफर स्वतः चहा आणि खोबऱ्यात घोळवलेला केक घेऊन आले. म्हणाले, मेव्ह, तुमच्यासारख्या मुरलेल्या नर्सची आम्हाला फार गरज होती. काम दोन ओळींचं: मुलांच्या तब्येतीकडं बघायचं, आणि जुन्या मुलांनी नव्यांना छळणं बंद पाडायचं. बावीस वर्षं इस्पितळात काढल्यावर हे म्हणजे सुट्टीच. नियमांचा कागद मीच भिंतीवर डकवला, चारही कोपरे नीट चिकटवून.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

नवी मुलं आली, एकतीस. त्यांच्या स्वागताला जॉक हार्टिगन, विद्यार्थ्यांचा अध्यक्ष. जावई करून घ्यावासा वाटेल इतका गोड मुलगा. त्यानं प्रत्येकाच्या कॉलरला लाकडी चिमटा लावला. चिमट्यावर जुन्यांनी ठेवलेलं नाव. तीन आठवडे खऱ्या नावाला ओ द्यायची नाही, आणि जेवताना न विचारता बोललं की तोच चिमटा ओठांना. टॅम्सिन केल म्हणून एक पोरगी आहे, एकोणीस वर्षांची. सहा तासांवरच्या मेंढ्यांच्या फार्मवरून आलीय, घरात कॉलेजचं तोंड बघणारी पहिलीच. तिच्या चिमट्यावर लिहिलंय 'लेंडी'. आणि ती बिचारी हसून दाखवत होती. माझं डोकंच फिरलं. जॉकला झापलं, तर म्हणाला, गंमत असते हो, मेव्ह, आम्ही पण यातूनच गेलोय. म्हणजे तुला चावलं म्हणून तू चावणार, असं ना रे बाबा.

टोपलीत एक चिमटा उरला होता. जुना, करडा पडलेला. त्यावर 'गप्प्या'. जॉक म्हणाला, तो दरवर्षी उरतोच, टाकला तरी परत सापडतो.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

टॅम्सिन आली, दार लावून बोलली. रविवारी 'चक्र' आहे. स्वस्त वाइन खोक्यात मिळते ना, तिची आतली चंदेरी पिशवी कपड्यांच्या छत्रीच्या तारेला टांगतात, नवी मुलं खाली गोल उभी राहतात, छत्री गरागरा फिरवतात. पिशवी ज्याच्या डोक्यावर थांबेल त्यानं जुने पुरे म्हणेपर्यंत प्यायचं. तिनं माझे हात धरले. म्हणाली, कुठं बोलू नका हं, चहाडखोर ठरले तर माझं इथलं सगळं संपलं.

आम्ही सगळे हेच ऐकत वाढलो. चहाडी करायची नाही, मित्राला पकडून द्यायचं नाही. मीही तशीच. मी लेखी तक्रार केली नाही. जॉकला बाजूला घेऊन समजावलं. त्यानं छातीवर हात ठेवून शब्द दिला, चक्र रद्द.

संध्याकाळी पेटिफरनी कागद पुढं केला: 'या वसतिगृहात नव्या विद्यार्थ्यांचा छळ होत नाही.' रविवारी पालकांसमोर वाचायचाय. मी 'गप्प्या'बद्दल विचारलं. म्हणाले, फर्गस लिंडो नावाचा मुलगा होता, त्याचा तो चिमटा, फार वर्षं झाली, हृदय अधू होतं, झोपेत गेला. मी सही केली. हात जरासुद्धा अडला नाही, याचीच चीड येतेय.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

सकाळी आरशात पाहिलं. ओठांच्या वर एक लाल वण, खाली एक. दुखतंय.

वाळत घातलेल्या चादरीला माझे प्लॅस्टिकचे चिमटे होते, आणि एक लाकडी. 'गप्प्या'. कचऱ्यात टाकला. दुपारी ऊन रणरणत होतं, पान हलत नव्हतं. छत्री आपली आपण फिरली. एक फेरी, सावकाश. थांबली तेव्हा तोच चिमटा माझ्या दारासमोर लोंबत होता.

आजाऱ्यांच्या खोलीतलं जुनं रजिस्टर काढलं. फर्गस लिंडो, वय एकोणीस. चक्रानंतर चार तासांनी आणला. तोंडाला दारूचा वास, ओठांवर चिमट्याचे वण. पुढं दुसऱ्या शाईत: हृदय अधू. चार तास त्याला धुण्याच्या खोलीत उताणा टाकला होता, उतरेल म्हणून. तीस जण गोल उभे होते. एकानंही तोंड उघडलं नाही.

हरामखोर. सगळेच. त्या तिसांनंतरची एकतिसावी मी.

शनिवार, १७ फेब्रुवारी

सही परत घ्यायला पेटिफरकडं गेले. माझं तोंड उघडलंच नाही. ओठ चिमटीत धरल्यासारखे — त्यांनी पाणी दिलं, ऊन बाधलं म्हणाले. मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचला, घडी केली, खिशात घातला. हसले.

बाहेर जॉक. म्हणाला, काय मेव्ह, आज गप्प गप्प?

माझा हात कॉलरला गेला. 'गप्प्या'चा चिमटा तिथं.

फर्गसला राग आलाय. यायलाच हवा. गप्प बसायचंय ना तुला, मग बस, म्हणतोय.

रविवार, १८ फेब्रुवारी, दुपार

पालक सभागृहात. पेटिफर मी सही केलेला कागद वाचताहेत, टाळ्या ऐकू येताहेत. इकडं चक्र — शब्द दिला होता जॉकनं —

मी धावले. पिशवी टॅम्सिनच्या डोक्यावर. चौथ्यांदा, पोरं म्हणाली. जॉक छत्रीला लोंबकळून अडवत होता, तरी ती फिरून टॅम्सिनवरच थांबत होती. त्याचा चेहरा पांढरा. मग सगळे पळाले. तिला धुण्याच्या खोलीत टाकून. उताणी. तशीच.

मी आत येऊन तिला कुशीवर वळवलंय. श्वास आहे, घरघर आहे.

दार उघडत नाही. कडी बाहेरून नाही, आतून नाही, तरी —

ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई विचारतेय कोणती मदत हवी. मी नुसती हुंकारतेय. तिनं तीनदा विचारलं. ठेवला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. चिमटा आता ओठांवर आहे. निघत नाही. रक्त —

फर्गस, राग माझ्यावर काढ. तिला सोड. तिनं काय केलं रे.

डायरीची पानं फाडून गजांच्या खिडकीतून टाकतेय. पालक चहाला याच गवतावर येतील. ज्याला मिळेल त्यानं मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं. ॲम्ब्युलन्स बोलवा. धुण्याची खोली. टॅम्सिन केल, एकोणीस. लेंडी नव्हे, टॅम्सिन.

श्वास मोजतेय. मिनिटाला सहा. पाच.

तुम्ही आत्ता सभागृहात ऐकलेला कागद खोटा आहे. पेटिफरला ठाऊक होतं. हार्टिगनला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. सही मागं घेते. मी, मेव्ह कॉ —