एरंडेल घातलेला चहा

एडिसन, १२ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप अण्णांस,
सुनेत्राचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी पडलीय, तुमचा मफलर नाकापर्यंत गुंडाळून लायब्ररीत जाते. आईला सांगा, मेथीचे लाडू कधीच फस्त झाले. तिच्या एरंडेलाच्या बाटलीचं मात्र भलतंच झालं.

माझ्या घरमालकीण रोझाआजी मूळच्या इटलीच्या. परवा त्यांचं पोट साफ होत नव्हतं. मी तुमचीच लेक! आपल्या रविवारच्यासारखा एरंडेल घालून चहा दिला. कप नाकाशी नेला मात्र, त्यांनी तो दूर सारला. "थ्रो इट आऊट, हनी, प्लीज!"

मग त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना काळे शर्ट घातलेली फॅसिस्टांची पोरं घरात शिरली. वडील शेतमजुरांच्या युनियनमधले. त्यांना चौकात नेऊन घशात एरंडेल ओतलं. सगळ्या गावासमोर त्यांचे कपडे खराब झाले आणि पोरं हसत राहिली.

तुमच्या गणवेशधारी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुम्ही 'इटलीची शिस्त' हा लेख मागितलात. लिहायला बसते आणि उठते. पुस्तकांतही तेच सापडतं हो. पहिल्या महायुद्धातून परतलेले, डोकं भडकलेले सैनिक मिलानमध्ये जमले. सुरुवातीला मागण्या गरिबांच्याही होत्या. दोनेक वर्षांत जमीनदारांच्या पैशांवर युनियनच्या कचेऱ्या जाळत सुटले. त्यांचं म्हणणं, राष्ट्र म्हणजे सगळं, माणूस त्याच्यासाठी. मग संप करणारा आपोआप शत्रू ठरला.

आपल्या मंडळाच्या नव्या हॉलवरही तेलगिरणीच्या मालकांचं नाव आहे ना?

दिवाळीच्या फोनवर आपला गिरीश हसत सांगत होता, गिरणीतल्या संपवाल्यांना मंडळाच्या पोरांनी सरळ केलं. जगन्नाथकाकांना भर चौकात उठाबशा काढायला लावल्या. मला सायकल शिकवणारे जगन्नाथकाका, अण्णा! मी नुसतं "आईला फोन दे" म्हटलं. तुम्ही तिथे होतात का, हे मला विचारवलं नाही. अजूनही विचारवत नाही.

माझ्या टायफॉइडमध्ये उशाशी जागलेले तुम्हीच. ताठ उभं राहायला शिकवलंत तेही तुम्हीच. तुमच्यावर फार जीव आहे, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

लेख मी लिहिणार नाही. तुम्ही जगन्नाथकाकांकडे जा. एकटे जा, गणवेश न घालता. माफी मागा आणि गिरीशलाही मागायला लावा.

त्यांनी दार उघडलं तरी, नाही उघडलं तरी,
तुमचीच
सुनेत्रा