नळीचा चिमटा

वन्सं,

रोज फोनवर आईंची चौकशी करता, म्हणून आज सगळं लिहायला बसले. खडा अडकून पित्त तुंबलं, तेव्हा डॉक्टरांनी बरगडीखालून बारीक नळी घालून ते बाहेरच्या पिशवीत काढलं. ती पिशवी मी रिकामी करते.

पिवळ्याजर्द होत्या तेव्हा आई मला "बाळ" म्हणायच्या. खाज सुटली की मुकाट्यानं पाठ माझ्याकडे करायच्या. लग्न झाल्यापासून इतकं गोड त्या कधी बोलल्या नव्हत्या. मग कावीळ उतरली, भूक लागली आणि तोंडही सुटलं. परवा शेजारणीसमोर म्हणाल्या, "हिच्या हाताला चव नाही, पोटाला पोर नाही." पिशवी तेव्हा माझ्याच हातात होती.

काल डॉक्टरांनी नळीला चिमटा लावला. "खडा निघालाय, पित्त आता आतूनच वाहू दे. ताप आला नाही, तर नळी काढून टाकू."

ताप आला नाही. पण चष्म्याशिवाय त्यांना थर्मामीटर वाचता येत नाही, आणि चष्मा माझ्या कपाटात आहे.

"एकशे दोन आहे, आई," मी म्हटलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "चिमटा काढा. नळी राहू द्या अजून."

आज पिशवी पुन्हा भरली. आईंनी माझा हात घट्ट धरला. "बाळ, तू आहेस म्हणून मी आहे."

हे पत्र फाडून टाकीन. फोनवर एवढंच सांगीन, की काळजी करू नका, आईंना मी अजून खूप दिवस लागणार आहे.

तुमची लाडकी,
वहिनी